सिंधुजलाचें वाटणीपत्र

मासिकाच्या या पानांवर काव्य, नाटक, कादंबरी, चरित्र अशा ग्रंथांचें परीक्षण यावें, अशी वाचकांची साहजिक अपेक्षा असते. आज आम्ही ज्या लेखाचें परीक्षण करण्यास प्रवृत्त झालों आहों, तो वाङ्मयाच्या कोणत्याही रूढ प्रकारांत बसणारा नाहीं. भारत व पाकिस्तान यांच्यामध्यें ता. १९ सप्टेंबर १९६० रोजीं कराची येथें झालेला सिंधुजलकरार हा तो लेख होय. बारा कलमें आणि आठ परिशिष्टें एवढा त्याचा विस्तार असून परिशिष्टांचा भार मूळ कलमांहून किती तरी अधिक आहे. रस, अलंकार, वक्तृत्व यांपैकीं कांहींही त्यांत शोधूं जाणें व्यर्थ. तथापि ज्या लेखाच्या शब्दाशब्दावर कोट्यवधि माणसांचें पीकपाणी अवलंबून आहे, तो एकदां तरी मुळांतून वाचण्याचे श्रम सुशिक्षित वर्गानें घ्यावे, असें आम्हांस वाटतें.

ता. २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगाम येथें २६ निरपराध माणसांची हत्या झाली आणि दुसऱ्याच दिवशीं भारत सरकारनें हा करार स्थगित ठेवल्याचें जाहीर केलें. तेव्हांपासून कराराचें नांव ज्याच्या त्याच्या तोंडीं झालें आहे. कोणी त्यास भारताच्या भोळेपणाचें स्मारक म्हणतो, कोणी शेजारधर्माचा आदर्श म्हणतो. दोन्ही पक्षांचीं विधानें ऐकून आमची अशी समजूत झाली आहे कीं, निंदा करणारे काय किंवा स्तुति करणारे काय, त्यांपैकीं फारच थोड्यांनीं मूळ लेख उघडून पाहिला असावा. राजकारणाचा निवाडा आम्ही करूं इच्छीत नाहीं. लेख काय म्हणतो, काय म्हणत नाहीं, आणि जें म्हणतो तें कसें म्हणतो, हें पाहणें टीकाकाराच्या अधिकारांतील गोष्ट आहे. तेवढेंच येथें योजिलें आहे.

कोणताही लेख समजण्यास त्याचा प्रसंग ठाऊक असावा लागतो. १९४७ सालीं फाळणीची रेषा पंजाबांतील कालव्यांच्या जाळ्यावरून ओढली गेली. रावीवरील माधोपूर व सतलजवरील फिरोजपूर येथील बंधारे भारताकडे राहिले आणि त्यांवर भिजणाऱ्या जमिनीचा मोठा भाग पाकिस्तानांत गेला. म्हणजे कालव्यांचें तोंड एका घरांत आणि पोट दुसऱ्या घरांत, अशी स्थिति झाली. पाण्याची जी तात्पुरती व्यवस्था ठरली होती, तिची मुदत ता. ३१ मार्च १९४८ रोजीं संपली आणि दुसऱ्या दिवशीं पूर्व पंजाब सरकारनें पलीकडे जाणारें पाणी बंद केलें. ता. ४ मे रोजीं दिल्लीस तडजोड झाली खरी. परंतु त्या थोड्या आठवड्यांची धास्ती पुढील बारा वर्षांच्या वाटाघाटींत पाकिस्तानच्या मनांतून कधींच गेली नाहीं.

१९५१ सालीं टेनेसी नदीच्या खोऱ्याचा कारभार पाहिलेले अमेरिकन गृहस्थ डेव्हिड लिलिएंथल यांनीं या भागांत प्रवास करून असें सुचविलें कीं, सिंधूचें सारें खोरें एकच समजून दोन्ही राष्ट्रांनीं जागतिक बँकेच्या साह्यानें त्याचा एकत्र विकास करावा. बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनीं ती सूचना उचलून धरली आणि १९५२ पासून इंजिनिअरांच्या बैठकी सुरू झाल्या. पण एकत्र कारभाराची गोष्ट कोणाच्याच गळीं उतरेना. अखेर ता. ५ फेब्रुवारी १९५४ रोजीं बँकेनें निराळीच योजना मांडली. पूर्वेकडील रावी, बियास व सतलज या तीन नद्या भारताच्या. पश्चिमेकडील सिंधु, झेलम व चिनाब या तीन पाकिस्तानच्या. १९६० चा करार हा याच योजनेचा विस्तार आहे. एक मोठी कल्पना सोडून द्यावी लागल्यावर हातीं राहिलेली व्यवहार्य कल्पना, असें त्याचें स्वरूप आहे. आणि त्याचे गुण व दोष दोन्ही तेथूनच निघाले आहेत.

आतां प्रत्यक्ष लेखाकडे वळूं. करार इंग्रजींत आहे. त्यावर पंडित जवाहरलाल नेहरू, फील्ड मार्शल अयूबखान आणि, ठराविक कलमांपुरती, बँकेच्या वतीनें इलिफ यांची सही आहे. सदिच्छा व मैत्री यांचा उच्चार प्रस्तावनेंत होतो, आणि लगेच पहिल्या कलमांत व्याख्यांचा कारखाना सुरू होतो. पिणें, धुणें, स्नान, करमणूक, गुरें व कोंबडीं यांच्या बरोबरीनें मैला व कारखान्यांची घाण वाहून नेणें हाही पाण्याचा 'घरगुती उपयोग' गणला आहे. शेतीचा उपयोग म्हणजे ओलीत; मात्र घराची बाग व सार्वजनिक बगीचा त्यांतून वगळला आहे. नौका चालविणें, लाकडें वाहून नेणें, मासे धरणें हे पाणी न खर्चणारे उपयोग. एखाद्यास हा काथ्याकूट हास्यास्पद वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. भाऊ वेगळे होतात तेव्हां बांधावरच्या झाडाचा व माजघरांतल्या जात्याचाही वाटणीपत्रांत उल्लेख व्हावा लागतो, हें आपल्या गांवोगांवच्या लोकांस सांगावयास नको. ज्यांस उद्यांचें भांडण आज दिसतें, ते असेंच लिहितात.

या व्याख्यांत उपनदीची व्याख्या वाचकास क्षणभर थांबविते. पृष्ठभागावरून वाहणारा ओघ, मग तो बारमाही असो वा हंगामी, आणि लोक त्यास कोणत्याही नांवानें हाक मारोत, तो उपनदीच होय, असें सांगून उदाहरणादाखल नदी, नाला, नै, खड्ड, चो असे त्या मुलखांतले शब्द इंग्रजी वाक्यांत जसेच्या तसे आणून बसविले आहेत. वकील व इंजिनिअर यांच्या भाषेंत डोंगराळ मुलूख व पंजाबचें मैदान आपल्या तोंडानें बोलूं लागतात, अशीं ठिकाणें या लेखांत फार थोडीं आहेत. परंतु याच वाक्यांतील 'पृष्ठभागावरून' हा साधा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

लेखाचा मुख्य गुण म्हटला तर त्याचा अविश्वास. प्रत्येक कलम जणू असें गृहीत धरतें कीं, समोरचा पक्ष संधि मिळतांच फसवील. आणि म्हणून कोणाच्याही भलेपणावर कांहींही सोंपविलेलें नाहीं. पाकिस्ताननें पूर्वेकडील नद्यांऐवजीं पश्चिमेकडील नद्यांवरून नवे कालवे काढावे, त्यासाठीं दहा वर्षांचा अवधि द्यावा, आणि भारतानें त्या खर्चापैकीं ६,२०,६०,००० पौंड दहा समान वार्षिक हप्त्यांनीं द्यावे, असें पांचवें कलम सांगतें. १९६५ चें युद्ध या दहा वर्षांच्या आंतच झालें, तरी हप्ते थांबले नाहींत. नद्यांच्या रोजच्या मोजणीचे आंकडे दरमहा एकमेकांस द्यावे; दोन्ही बाजूंचा एकेक आयुक्त मिळून कायम आयोग असावा; त्यानें वर्षांतून निदान एकदां भेटावें; आयुक्तांचें न जमल्यास तटस्थ तज्ज्ञाकडे, आणि त्याच्या आवाक्याबाहेरचा वाद असल्यास लवादाकडे जावें, अशा पायऱ्या बांधून दिल्या आहेत. लवादाचे पंच कोणी नेमावे यावर एकमत झालें नाहीं तर काय, याचाही विचार आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे प्रमुख आणि मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयाचे अध्यक्ष यांसारख्या थोरांच्या जोड्या लावून त्यांतून चिठ्ठी टाकून निवड करावी, असें परिशिष्टांत लिहिलें आहे. दोन सार्वभौम राष्ट्रांचें भांडण शेवटीं चिठ्ठीवर येतें, हें वाचून हसूं येईल. पण चिठ्ठी कोणाचा पक्ष घेत नाहीं, ही गोष्ट गांवच्या पंचांसही मान्य असते.

असा सावध लेखक एका ठिकाणीं मात्र अगदीं गप्प बसतो. दहाव्या कलमांत मोठें आंतरराष्ट्रीय युद्ध भडकून पाकिस्तानास परदेशांतून बांधकामाचें साहित्य मिळेनासें झालें तर काय करावें, याची तरतूद आहे. तें युद्ध पाकिस्तानच्या हाताबाहेरच्या कारणांनीं उद्भवलेलें असावें, अशी अटही आहे. परंतु खुद्द या दोन पक्षांमध्येंच युद्ध झालें तर नद्यांचें काय, याविषयीं साऱ्या करारांत एक अक्षर नाहीं. हें मौन अनवधानाचें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. कांहीं गोष्टी लिहिल्यानें त्या घडाव्या असें सुचविल्यासारखें होतें. १९६५, १९७१ व १९९९ या तिन्ही प्रसंगीं करार टिकला, तो या मौनामुळें कीं मौन असूनही, हें सांगणें कठीण आहे.

आतां भोळेपणाच्या आक्षेपाकडे पाहूं. पश्चिमेकडील नद्यांचें वार्षिक पाणी सुमारें १३.५ कोटि एकरफूट व पूर्वेकडील नद्यांचें सुमारें ३.३ कोटि एकरफूट, म्हणजे भारतानें पांचांतील चार वाटे देऊन टाकले, असा हिशेब मांडला जातो. गुणाकार बरोबर आहे. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीं. पूर्वेकडील नद्यांच्या पाण्यावर पाकिस्तानांतील कालवे आधींपासून चालत होते. तें पाणी सबंध सोडवून घेतल्यामुळेंच भाक्रा धरण व राजस्थानचा कालवा यांस अर्थ आला. उलट पश्चिमेकडील नद्या खोल दऱ्यांतून पाकिस्तानांत उतरतात. त्यांचें पाणी डोंगर ओलांडून भारताच्या मैदानांत आणणें १९६० सालीं सोपें नव्हतें आणि आजही नाहीं. शिवाय त्या नद्यांवर ३६ लाख एकरफूट पाणी सांठविण्याची मुभा करारानें भारतास दिलेली असून तिचा पुरता उपयोग आपण केलेला नाहीं. ज्या हक्काचा उपभोग घेतला नाहीं, त्याच्या अपुरेपणाची तक्रार जपून करावी. खरी तक्रार करण्याचा अधिकार असेल तर तो जम्मू-काश्मिरांतील लोकांचा आहे. नद्या त्यांच्या दारावरून वाहतात. त्यांवर काय बांधावें व किती उंच बांधावें, हें कराचीस ठरलें, आणि त्या ठरावांत त्यांचें नांव कोठेंही नाहीं.

आमच्या मतें कराराचा मूलभूत दोष निराळाच आहे. आपल्याकडे भावाभावांत जमीन वांटली गेली तरी विहीर बहुधा सामाईक राहते. विहिरीचे तुकडे होत नाहींत. पाण्याच्या पाळ्या होतात. आज थोरल्याची पाळी, उद्यां धाकट्याची. पाणी आटलें तर दोघांच्याही पाळ्या आटतात, आणि म्हणून गाळ उपसण्याच्या वेळीं अबोला असला तरी दोघांस एकत्र यावें लागतें. सिंधुजलकरारानें पाळ्या लावल्या नाहींत. त्यानें सहा विहिरींपैकीं तीन याच्या व तीन त्याच्या करून टाकल्या. त्या क्षणीं भांडण मिटलें. परंतु सामाईक म्हणून जें थोडें शिल्लक राहिलें, तेंही एकाचें दुसऱ्याच्या मालमत्तेंत शिरणें आहे, अशा दृष्टीनेंच पाहिलें जाऊं लागलें. पश्चिमेकडील नद्यांवरील प्रत्येक विद्युत्‌गृहाच्या दरवाजांची पातळी ही त्यामुळेंच कज्जाची बाब झाली.

नद्या मात्र या वाटणीस राजी नाहींत. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडळांत विश्वामित्र विपाशा व शुतुद्री यांस वाट मागतो आणि त्या त्याच्याशीं बोलतात. विपाशा म्हणजे बियास व शुतुद्री म्हणजे सतलज. करारांत या दोघीही भारताच्या वांट्यास आल्या. परंतु सहाही नद्या अखेर पाकिस्तानांत एकमेकींस मिळतात व एकाच मुखानें समुद्रास जातात. संगमाची ही अडचण कराराच्या कर्त्यांसही जाणवली असावी. कारण 'चिनाब' या शब्दांत पंचनद नदीचाही समावेश मानावा, असें व्याख्येंत सांगून त्यांनीं ती निकालांत काढली. जेथें पाण्यांनीं एकमेकांस ओळख दिली, तेथें लेखानें त्यांतील एकाचेंच नांव ठेविलें.

पुढें आणखी तीन गोष्टी सुटल्या. पहिली भूजलाची. उपनदी म्हणजे पृष्ठभागावरचा ओघ, असें एकदां म्हटल्यावर जमिनीखालचें पाणी कराराबाहेर राहिलें. आज दोन्ही पंजाबांतील शेतकरी कूपनलिका लावून एकाच भूस्तरांतून उपसा करीत आहेत आणि त्याचा हिशेब कोणत्याही परिशिष्टांत नाहीं. दुसरी गोष्ट नदीच्या मुखाची. सिंधूच्या त्रिभुज प्रदेशांत गोडें पाणी कमी होऊन समुद्राचें खारें पाणी आंत शिरत आहे. तेथील कोळी व शेतकरी या दोघांचा उल्लेख करारांत येत नाहीं, कारण त्याच्या दृष्टीनें पाणी पाकिस्तानच्या हवालीं झालें कीं काम संपलें. रावीचेंही तसेंच. लाहोरजवळ कोरड्या महिन्यांत तिच्यांत वाहतें तें बव्हंशीं सांडपाणी. नदी घाण होऊं नये म्हणून शक्य तें करण्याचा इरादा चवथ्या कलमांत व्यक्त झाला आहे. पण घाण वाहून नेणें हा पाण्याचा एक उपयोगच, असें पहिल्या कलमानें आधीं सांगून ठेविलें आहे. तिसरी गोष्ट काळाची. हिमालयांतील हिम व हिमनद्या यांवर या नद्या पोसल्या जातात, आणि पृथ्वीचें उष्णतामान वाढत असतां त्यांचा ओघ पूर्वीप्रमाणेंच राहील, हें आज कोणी जाणता मनुष्य म्हणणार नाहीं. करार मात्र तसें मानून चालतो.

लेख सुस्पष्ट असला तरी वाचणारे दोन असले म्हणजे अर्थ दोन होतात. चिनाबवरील बगलिहार धरणाच्या वादांत तटस्थ तज्ज्ञ रेमंड लाफित यांनीं २००७ सालीं गाळ काढण्यासाठीं खालच्या पातळीवर दरवाजे असणें योग्य मानलें. पुढें किशनगंगेच्या वादांत २०१३ सालीं लवादानें, गाळ धुण्यासाठीं जलाशयाची पातळी ठराविक मर्यादेखालीं नेण्यास मनाई केली. सलाल धरणाचे खालचे दरवाजे तर १९७८ च्या समझोत्यानंतर बंदच झाले आणि जलाशय गाळानें भरत गेला. याच किशनगंगेच्या निवाड्यांत नदींत निदान ९ घनमीटर पाणी दर सेकंदास वाहतें ठेवावें, असें ठरलें. ही अट कराराच्या अक्षरांत नव्हती. नदी जिवंत राहावी हा विचार पंचांस बाहेरून, आंतरराष्ट्रीय रूढींतून, आणावा लागला.

तुलनेसाठीं दुसरा एक लेख पाहण्याजोगा आहे. ता. १२ डिसेंबर १९९६ रोजीं भारत व बांगलादेश यांच्यामध्यें फराक्का येथील गंगेच्या पाण्याविषयीं करार झाला. तो अगदीं आटोपशीर आहे. १ जानेवारी ते ३१ मे या कालावधीचे दहा दहा दिवसांचे भाग पाडून त्यांत पाण्याच्या पाळ्या लावल्या आहेत. दर सेकंदास ७०,००० घनफूट किंवा त्याहून कमी पाणी असेल तर निम्मेंनिम. ७०,००० ते ७५,००० च्या दरम्यान बांगलादेशास ३५,००० व बाकीचें भारतास. त्याहून अधिक असेल तर भारतास ४०,००० व बाकीचें बांगलादेशास. ११ मार्च ते १० मे या तंगीच्या दिवसांत दोघांनीं आळीपाळीनें ३५,००० घनफूट खात्रीनें घ्यावें, आणि ओघ ५०,००० च्या खालीं गेला तर ताबडतोब एकत्र बसावें. येथें सामाईक विहिरीची रीत आहे. टंचाई ही दोघांची आहे. परंतु जी बळकट कडी सिंधुजलकरारास आहे ती यास नाहीं. वाद चिघळल्यास तिऱ्हाइताकडे नेण्याची सोय नाहीं. आधारभूत आंकडे १९४९ ते १९८८ या काळांतील ओघाचे. आणि मुदत अवघी ३० वर्षांची, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंतची. एका लेखास कुलूप उत्तम पण आंत वाटेकरी एकटा. दुसऱ्यांत वाटेकरी दोन पण दारास कुलूप नाहीं. दोहोंचे गुण एकत्र आले तर शेजारी राष्ट्रांच्या नद्यांविषयींचा एक चांगला लेख तयार होईल, असें आम्हांस वाटतें.

भारतानें जानेवारी २०२३ मध्यें व पुन्हां ऑगस्ट २०२४ मध्यें करार सुधारण्याची मागणी केली होती. वर दाखविलेल्या उणिवा लक्षांत घेतां ती मागणी निराधार होती, असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. बारावें कलम सांगतें कीं, करारांत बदल करावयाचा असो किंवा तो संपवावयाचा असो, त्यासाठीं दोघांनीं मिळून नवा करार केला पाहिजे. एकानें उठून जाण्याची वाट त्यांत नाहीं. पहलगामच्या हत्याकांडानें देशाच्या मनास जी जखम झाली, तिचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. तथापि स्थगितीनें प्रत्यक्षांत प्रथम काय थांबलें, हें पाहिलें पाहिजे. मोठ्या नद्या एका दिवसांत वळवितां येत नाहींत, त्या वाहतच राहिल्या. थांबल्या त्या आयुक्तांच्या बैठकी व आंकड्यांची देवघेव. म्हणजे कराराचा जो भाग सर्वांत रुक्ष व सर्वांत उपयुक्त, तोच. ऑगस्ट २०२५ मध्यें तावी नदीस पूर आला, तेव्हां पलीकडच्या लोकांस सावध करण्याची सूचना आयोगामार्फत न जातां इस्लामाबाद येथील भारतीय उच्चायुक्तालयामार्फत, माणुसकीच्या नात्यानें, द्यावी लागली. सूचना दिली गेली, ही आपल्या देशास भूषणावह गोष्ट आहे. पण जें काम नियमानें होत होतें तें मेहेरबानीनें होऊं लागलें, यांत दोन्ही कांठांवरील लोकांची सोय नाहीं. कारण मेहेरबानी कधीं आटेल हें कोणास सांगतां येत नाहीं.

करार निर्दोष आहे म्हणून तो जसाच्या तसा जपावा, असें आमचें म्हणणें नाहीं. तो फिरून लिहावा. परंतु फाडून टाकलेल्या कागदावर फिरून लिहितां येत नाहीं. नव्या लेखांत जुन्याचा अविश्वास, मोजणी, दरमहाचे आंकडे व तिऱ्हाइताकडे जाण्याच्या पायऱ्या जशाच्या तशा ठेवाव्या. भूजल, गाळ, हिमाचें मान व नदीचें मुख या गोष्टी त्यांत नव्यानें घालाव्या. आणि जम्मू, काश्मीर व सिंध येथील लोकांस आपल्या पाण्याविषयीं बोलावयास जागा ठेवावी. वेगळे झालेले भाऊ पुन्हां एका चुलीवर जेवतील, अशी आशा आम्ही करीत नाहीं. विहीर आटूं लागली म्हणजे त्यांस एकाच काठावर उभें राहून आंत डोकवावें लागतें, एवढें मात्र दोघांनींही ध्यानांत ठेवावें.